उंदीर, लेखणी आणि आमचे चिरंजीव

आमच्या घरात आजवर पुष्कळ वाद झाले. पंखा तीनवर ठेवायचा की पाचवर, सुटीत कोकणात जायचे की कोल्हापूरला, आमटीत गूळ घालायचा की नुसता दाखवायचा. या सर्व वादांचे निकाल आजवर एकाच न्यायालयात लागत आले आहेत आणि त्या न्यायालयाला आमच्याकडे स्वयंपाकघर म्हणतात. पण गेल्या मे महिन्यात एक वाद असा उपटला, की खुद्द त्या न्यायालयाने "मला यातलं ओ की ठो कळत नाही, तुमचं तुम्ही बघा," म्हणून अंग काढून घेतले.

सुरुवात चिरंजीवांनी केली. सकाळी मी दाढी करीत असताना ते आरशात माझ्या मागे उगवले आणि म्हणाले,

"बाबा, मला टॅबलेट पाहिजे."

"डोकं दुखतंय का? आईच्या कपाटात बघ, वरच्या कप्प्यात."

"गोळी नाही हो! ड्रॉइंग टॅबलेट. पाटीसारखा असतो, त्याच्यावर पेन चालवायचं."

मी ब्लेड खाली ठेवले. चिरंजीवांचा आणि चित्रकलेचा संबंध बालवाडीतच सुटला होता. त्यांनी काढलेला हत्ती पाहून बाईंनी "किटली छान जमली आहे" असा शेरा मारला होता, तो कागद आम्ही अजून जपून ठेवला आहे.

"चित्रं काढणार आहेस?"

"छे! गेम खेळायला. माऊसवर माझी ॲक्युरसी ब्याण्णवच्या वर सरकतच नाही."

ब्याण्णव टक्के! आमचे घराणे अस्तित्वात आल्यापासून त्यात कोणी कशातही ब्याण्णव टक्के पाहिलेले नाहीत. आणि हे कारटे ते पुरत नाहीत म्हणून कुरकुरत होते!

खेळ काय आहे हे आधी पाहून घेतले. त्याचे नाव 'ओसु!'. पडद्यावर एक गोल उमटतो. त्याच्याभोवती एक मोठे कडे असते, ते आवळत आवळत गोलाला येऊन भिडते. नेमक्या त्या क्षणी, गाण्याच्या ठेक्यावर, बाण गोलावर आणून कळ दाबायची. वेळ साधली तर ३०० गुण, जरा हुकली तर १००, आणखी हुकली तर ५० आणि पुरती हुकली तर भोपळा. मध्येच गोलाऐवजी वळणावळणाचा पट्टा येतो, त्यावरून बाण न सांडता न्यायचा. मध्येच एक चक्री येते, ती गरागरा फिरवायची. थोडक्यात, तबलजीने द्रुत लयीत ठेका धरावा आणि प्रत्येक समेवर आपण कॅरमची एकेक सोंगटी घालवावी, असा तो प्रकार. फरक इतकाच, की कॅरममध्ये सोंगट्या संपतात.

आता मुद्दा असा, की बाण हलवायचा कशाने? टेबलावर माऊस सरकवून, की पाटीवर पेन फिरवून? चिरंजीव म्हणाले, यावर जगभर मुलांची भांडणे चालू आहेत. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि धंद्याने बँकेतला कारकून. कोणतेही खाते समोर आले की आम्ही आधी मागील बाकी बघतो. तेव्हा साडेतीन हजारांची रक्कम खर्ची टाकण्यापूर्वी या भांडणाची मागील बाकी तपासायचे मी ठरवले. आणि वाचकहो, ती फारच जुनी निघाली.

माझी समजूत अशी होती, की माऊस आधी आला आणि पेन हे नंतरचे फॅड. प्रत्यक्षात उलटे आहे. तारेवरचे पेन हे माऊसचे आजोबा शोभेल. अमेरिकेत एलिशा ग्रे नावाचा एक संशोधक होऊन गेला. १४ फेब्रुवारी १८७६ रोजी, ज्या दिवशी ग्रॅहॅम बेलचा टेलिफोनचा अर्ज पेटंटच्या कचेरीत गेला त्याच दिवशी, ग्रेचाही कागद तिथे दाखल झाला होता. टेलिफोन बेलच्या नावावर लागला. आमच्या खिडकीपुढे रांगेत उभे राहिलेल्या कोणालाही ग्रेचे दुःख समजावून सांगावे लागणार नाही. पण गडी हिंमत हरला नाही. १८८८ साली त्याने 'टेलऑटोग्राफ'चे पेटंट घेतले. इकडे माणसाने पेनने लिहायचे, हाताची हालचाल तारेतून जायची आणि तिकडे दुसरे पेन आपोआप तेच अक्षर गिरवायचे. दूरवर सही पाठवण्यासाठी हे यंत्र पुढे बँकांतूनही वापरात होते, हे वाचून माझा ऊर भरून आला.

संगणकाशी पेनचे नीट लग्न लागले ते १९६४ साली. कॅलिफोर्नियात सांता मोनिका येथे रँड नावाची संस्था आहे. तिथल्या लोकांनी एक पाटी बनवली. साधारण दहा इंच लांब, दहा इंच रुंद. तिच्यात आडव्या १०२४ आणि उभ्या १०२४ बारीक रेघा छापलेल्या. म्हणजे दहा लाखांवर ठिकाणे, आणि पेनचे टोक कोणत्या ठिकाणी टेकले आहे ते संगणकाला अचूक कळायचे. किंमत १८,००० डॉलर. हा आकडा मी चिरंजीवांना मुद्दाम ऐकवला. ते म्हणाले, "मग बघा बाबा, साडेतीन हजार म्हणजे फुकटच की!" इतिहासाचा उपयोग प्रत्येक पिढी आपापल्या सोयीने करते.

आणि गंमत पाहा, माऊसही जन्माला आला त्याच १९६४ साली, त्याच कॅलिफोर्नियात. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगलबार्ट यांना कल्पना सुचली आणि त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी ती लाकडात उतरवली. होय, लाकडात. एक छोटीशी लाकडी डबी, खाली एकमेकांशी काटकोनात बसवलेली दोन चाके, वर एक बटण आणि मागे वायरीचे शेपूट. उंदीर हे नाव प्रथम कोणाच्या तोंडून निघाले ते पुढे त्यांच्यापैकी कोणालाच आठवेना. १९७० साली पेटंट मिळाले तेव्हा सरकारी कागदावर त्याचे नाव होते 'एक्स-वाय पोझिशन इंडिकेटर फॉर अ डिस्प्ले सिस्टिम'. आमच्या हेड ऑफिसच्या परिपत्रकाची ती भाषा. उंदराचा तिथेही उंदीर झाला नाही.

पण एंगलबार्ट यांच्या मंडळींनी एक काम फार चोख केले. आपलेच पोर गोरे म्हणून न बसता त्यांनी माऊसची परीक्षा घेतली. पडद्यावरच धरायचे प्रकाशाचे पेन, जॉयस्टिक, एका दांड्यावर चालणारे ग्राफाकॉन, माऊस आणि चक्क गुडघ्याने हलवायचे एक यंत्र असे उमेदवार उभे केले. १९६७ साली निकाल छापला. सरावलेल्या हातांना माऊस सर्वांत चांगला जमला. नवख्यांना मात्र प्रकाशाचे पेन जास्त लवकर साधले. गुडघ्यानेही बऱ्यापैकी तग धरला.

हे मी घरात वाचून दाखवले तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज आला, "गुडघ्याने चालणारं मिळतं का हो? तेच आणा. निदान त्या निमित्ताने त्याचे गुडघे तरी हलतील."

मी मात्र त्या निकालापाशी अडून बसलो. सरावलेला आणि नवखा, अशा दोन वेगळ्या रकाने त्यांनी पाडले होते! 'कोणते साधन चांगले' असा प्रश्नच त्यांनी धरला नव्हता. 'कोणाच्या हाताला, कोणत्या कामासाठी' असा धरला होता. आणि काम कोणते? मजकूर टाईप करणे आणि मध्येच एखाद्या शब्दाकडे बोट दाखवणे. म्हणजे हात कळफलकावरून उचला, साधनापर्यंत न्या, दाखवा, पुन्हा टायपिंगला लागा. त्या चाचणीत हा हात नेण्याचा वेळही धरला होता. माऊसची सारी पुण्याई इथे आहे. माऊस सोडून दिला तरी जिथल्या तिथे पडून राहतो, आणि आपण परत आलो की पुन्हा सेवेला हजर. पेनचे तसे नाही. ते उचलावे लागते, बोटांत नीट धरावे लागते, ठेवायला जागा शोधावी लागते, आणि ठेवलेले सापडावे लागते. आमच्या काउंटरवरचे पेन दोऱ्याने का बांधलेले असते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला माऊसचा विजय आपोआप समजेल.

पुढचे सारे झपाट्याने झाले. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत हजारभर लोकांपुढे एंगलबार्ट यांनी दीड तास माऊस चालवून दाखवला. १९७८ साली झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेतून कार्ड, इंग्लिश आणि बर या तिघांनी आणखी एक मोजमाप प्रसिद्ध केले; त्यातही जॉयस्टिक आणि बाणांच्या कळा मागे पडून माऊस पहिला आला. १९८१ साली झेरॉक्सच्या 'स्टार'बरोबर आणि १९८४ साली ॲपलच्या 'मॅकिंटॉश'बरोबर तो बाजारात हिंडू लागला आणि कचेऱ्या त्याने काबीज केल्या. एंगलबार्ट यांना मात्र माऊसच्या रॉयल्टीपोटी एक पैसाही मिळाला नाही. २०१३ साली ते गेले.

आमच्या शाखेतही माऊस आला. मी १९९८ साली बँकेत चिकटलो तेव्हा तिथे एक ज्येष्ठ सहकारी होते. लेजरच्या पानावरून वरून खाली बोट फिरवीत नेले की पान संपता संपता बेरीज तयार. पैशाची चूक नाही. संगणक आले तेव्हा एका दुपारी आम्हां सर्वांना तासाभराचे शिक्षण देण्यात आले. या गृहस्थांनी माऊस धरला, उजवीकडे सरकवीत नेला आणि टेबलाच्या कडेला पोहोचल्यावर गंभीरपणे विचारले, "टेबल संपलं. आता पुढे काय करू?"

सगळी शाखा हसली. मीही हसलो. उचला आणि अलीकडे आणून ठेवा, बाण जिथला तिथे राहतो, एवढे एक वाक्य त्यांना सांगायचे कोणाला सुचले नाही. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली तेव्हा अर्ज करणाऱ्यांत ते होते. निरोपाच्या चहाच्या वेळी मला म्हणाले, "बोटं शिकली असती रे. पण तुम्हा लोकांना घाई फार."

त्यांचा प्रश्न किती नेमका होता हे मला आता, पंचवीस वर्षांनी, या खेळाच्या निमित्ताने कळले. माऊस आणि पाटी यांतला खरा फरक तोच आहे. माऊस म्हणजे रस्ता सांगणारा वाटसरू: "इथून जरा उजवीकडे, मग थोडं वर." आपण कुठे उभे आहोत याची त्याला फिकीर नाही, उचलून दुसरीकडे ठेवला तरी बाणाला पत्ता नसतो. पाटी म्हणजे पोस्टाचा पत्ता. पाटीचा वरचा डावा कोपरा म्हणजे पडद्याचा वरचा डावा कोपरा, आज, उद्या आणि परवाही. तिथे पेन गेले की बाण तिथेच जाणार. टेबल संपण्याचा प्रश्न येत नाही. आमच्या त्या सहकाऱ्यांच्या हातात त्या दुपारी पाटी दिली असती तर शाखा हसली नसती.

कचेऱ्यांतून उठलेले पेन गेले कुठे? चित्रकारांकडे. १९८३ साली जपानमध्ये वॅकॉम ही कंपनी निघाली आणि तिने वायर नसलेले, पुढे तर बॅटरीही नसलेले पेन आणले. पाटीच्या पोटात तारांचे जाळे असते, ते लहरी सोडते. पेनातले वेटोळे त्या लहरींतूनच वीज घेते आणि उलट उत्तर पाठवते. म्हणजे पाटीकडून उसने घेऊन पाटीलाच परतफेड. आमच्या काही कर्जदारांना हा व्यवहार नेऊन दाखवायला हवा. शिवाय पेन पाटीला टेकलेच पाहिजे असे नाही. किंचित वर तरंगते ठेवले तरी पाटीला कळते. काही खेळाडू घासत खेळतात, काही तरंगत.

आता या हकिगतीतले खरे वळण सांगतो. २००५ साली जपानमध्ये निन्टेन्डोच्या हातात धरायच्या 'डीएस' यंत्रावर एक खेळ निघाला, 'ओसु! ताताकाए! ओएन्दान'. संकटात सापडलेल्या माणसाला काळ्या कोटातले तीन गडी गाण्याच्या तालावर ओरडून धीर देतात आणि आपण पडद्यावरचे गोल ठेक्यात टिपायचे. कशाने टिपायचे? त्या यंत्राबरोबर येणाऱ्या छोट्या पेनाने! पुढे २००७ साली डीन हर्बर्ट या ऑस्ट्रेलियन तरुणाने तीच कल्पना घरच्या संगणकावर आणली, फुकट वाटली, आणि गाण्यांवर गोल मांडायचे काम खेळणाऱ्यांवरच सोपवले. पण घरोघरच्या संगणकाला पेन होते कुठे? होता तो माऊस. म्हणून माऊस. म्हणजे या खेळात माऊस हा मूळचा मालक नव्हे, पोटभाडेकरू. पेनवाले आत्ता घुसले असे जे माऊसवाले म्हणतात, त्यांनी आधी पागडीच्या पावत्या तपासाव्यात.

बरे, कचेरीत पेन ज्या कारणाने हरले ते कारण इथे उरलेलेच नाही. या खेळात डावा हात कळफलकावरच्या दोन कळा ठेक्यावर दाबतो आणि उजवा हात फक्त नेम धरतो. तो गाणे संपेपर्यंत कुठे जात नाही, येत नाही. उचलणे नाही, ठेवणे नाही, हरवणे नाही. मग पेनात वाईट काय? काही नाही. आणि माऊसमध्ये? काही नाही. उत्तम खेळाडू दोन्ही प्रकारचे आहेत. १९६७ सालचा निकाल अजून कायम आहे: हात कोणाचा, काम कोणते, आणि सराव किती.

चिरंजीवांनी आठ दिवसांसाठी मित्राचा टॅबलेट उसना आणला. मी वही आखून दिली. तीच दहा गाणी, एका बाजूला माऊस, दुसऱ्या बाजूला पेन. पहिल्या दिवशी माऊस ब्याण्णव, पेन एकाहत्तर. मी स्वतः प्रयत्न केला. माऊसवर अडतीस, पेनवर एकतीस. त्यातले काही गोल माझ्या हातून नव्हे, योगायोगाने फुटले. मग आमचे अण्णा सरसावले. वय पंच्याहत्तर, शाळेत टाक-दौतीने कित्ते गिरवलेला हात. आधी ते पाटीकडेच बघत बसले. नातवाने हनुवटी धरून मान वर केली. "आजोबा, हाताकडे नाही, पडद्याकडे बघा." कडे आवळायच्या वेळा त्यांना एकही साधली नाही, पण तो वळणाचा पट्टा आला की पेन असे काही फिरायचे, की चिरंजीव बघतच राहिले. कित्ता पन्नास वर्षे वाया जात नाही.

"वाद कसला घालता?" अण्णा पेन खाली ठेवीत म्हणाले. "गणपतीकडे बघा की. लिहायची वेळ आली तेव्हा त्याने स्वतःचा दात लेखणी म्हणून घेतला. उंदीर ठेवला तो हिंडायला."

पण आठव्या दिवशी पेनचा आकडा अठ्ठ्याहत्तरवर अडला होता. टॅबलेट परत गेला आणि चिरंजीव पडलेल्या चेहऱ्याने म्हणाले, "राहू दे बाबा. माझा हातच माऊसचा आहे. पेन नाही जमणार."

साडेतीन हजार वाचले होते. कोणताही शहाणा बाप इथे "बरं" म्हणून पेपर वाचायला घेतो. मलाही तेच करायचे होते. पण कानात एक वाक्य वाजत राहिले: बोटं शिकली असती रे. मी त्याच संध्याकाळी जाऊन टॅबलेट घेऊन आलो. अट एकच घातली. महिनाभर माऊस कपाटात राहील आणि महिनाभर मी आकडा विचारणार नाही. आयुष्यात बाकी न विचारता मी उघडलेले हे एकमेव खाते.

महिन्याने चिरंजीवांनी होऊन वही पुढे केली. पेन: एक्क्याण्णव. दोन महिन्यांनी चौऱ्याण्णव. आमच्या घराण्याच्या इतिहासातला उच्चांक. त्या दिवशी सौ.नी शिरा केला. जुना माऊस आता अण्णांकडे असतो. त्यांचेही टेबल मधूनमधून संपते. मग त्यांचा नातू शेजारी बसून, न हसता, "उचला आणि अलीकडे ठेवा" म्हणून सांगतो.

वाद मिटला असे समजून परवा मी निवांत दाढी करीत होतो. आरशात पुन्हा चिरंजीव उगवले.

"बाबा, पेनाचं जमलं. आता लक्षात आलं, खरी अडचण कीबोर्डची आहे."

मी दाढी अर्धवट ठेवून कीबोर्डची मागील बाकी बघायला बसलो आहे.